सुट्टीत भांडायचं नाही

शुक्र. ६ फेब्रु., फरवानिया

रजा मंजूर. देशाबाहेर जायची कंपनीची परवानगीही इक्बालच्या मोबाइलवर आली. कंपनीचा मंदूब, म्हणजे सगळ्यांच्या सरकारी कागदांसाठी धावणारा तो इजिप्शियन, त्याने काल दुपारी फोन करून खात्री दिली. त्यानेच पुढे सांगितलं की नव्या कराराचं उत्तर रविवार १५ला हवं. मुदत वाढणार नाही. इ.ने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

म्हणजे गाडीने सौदी फिरून आल्या आल्या सांगायचं: शुवैखच्या स्पेअर पार्टच्या गोदामात आणखी तीन वर्षं, की हिशेब करून कायमचं रत्नागिरीला.

दुपारी जेवताना विचारलं, तुमच्या मनात काय आहे?

‘तू म्हणशील तसं.’

मी म्हटलं, नोकरी तुमची, तुम्ही ठरवा. मग दोघांनीही पापलेटचा आणखी एकेक तुकडा घेतला. मासा चांगला होता. शर्कच्या बाजारातून तो स्वतः निवडून आणतो आणि त्याला जुबैदीच म्हणतो.

ऑक्टोबरात पेपरचं डेस्क सोडलं, लेक सना बंगलोरला नोकरीला गेली, नोव्हेंबरात मी इथे आले. त्याआधी लग्नानंतरची सगळी वर्षं वर्षातून एक महिना. आमचा तेव्हापासूनचा नियम: सुट्टीत भांडायचं नाही. महिनाभरासाठी आलेला माणूस, त्यातले दोन दिवस अबोल्यात घालवणं परवडत नाही. भांडण पुढच्या सुट्टीवर ढकलायचं. पुढच्या सुट्टीपर्यंत ते शिळं होतं, मग कोणाला हवंय.

आता सुट्टी नाही. तरी नियम चालूच. इ. अजून विचारतो, ‘चहा घेशील का गो?’ मी अजून म्हणते, ‘तुम्हाला त्रास नसेल तर.’ घरात दोन पाहुणे आहेत, यजमान कोणीच नाही.

मजीदभाई संध्याकाळी फावडं आणि ओढायचा दोर घेऊन आले. श्रीवर्धनचे. मी यायच्या आधी इ. आणि ते एका खोलीत राहत. ‘वहिनी, हा माणूस वाळूत गाडी चालवायला कधी शिकला नाय. गोदामात फोर्कलिफ्ट फिरवतो तेवढंच. दोर हाताशी ठेवा.’

इ. हसला. चिडला असेल तर कळायला मार्ग नाही.

शनि. ७ फेब्रु., हाइल

अंधारातच निघालो. सालमीच्या नाक्यावर कुवेत संपलं. सौदीच्या बाजूला बोटांचे ठसे, गाडीचा विमा, एक शिक्का, दुसरा शिक्का. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुटलो. हायसं वाटलं.

नंतर दिवसभर सपाट. विजेचे खांब, उंट, पुन्हा खांब. पेट्रोल पंपावर मल्याळी माणसाकडचा कडक चहा. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी गाडीतच खाल्ली.

‘इथे थांबू या का?’
‘तू म्हणशील तसं.’
‘एसी कमी करू?’
‘तुला हवा तसा कर.’
‘गाणी लावू?’
‘लाव ना, तुला आवडतील ती.’

बातमीत असा माणूस असता तर मी मार्जिनमध्ये लिहिलं असतं: यांचं स्वतःचं म्हणणं काय? विचारून घ्या.

माझं म्हणणं काय, तेही लिहून ठेवते, इथे तरी. मला परत जायचंय. फरवानियाच्या फ्लॅटमध्ये दुपारी अकरा ते पाच मी भिंतीशी बोलते. पण इ. कायमचा घरी आला तर कसं होईल, हेही कळत नाही. आम्ही एकत्र राहू शकतो का, एवढंच खरं तर समजून घ्यायचंय. रविवारच्या आत.

रवि. ८ फेब्रु., अल-उला

हाइल सोडल्यावर जमीन हळूहळू वर यायला लागली. आधी काळे दगड, मग एकदम लाल कडे. एवढे उभे की मान खिडकीबाहेर काढावी लागते. इ.ने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि उतरला. आज सकाळपासूनचा पहिला निर्णय. मी नोंद घेतली.

सनाचा आवाजी मेसेज: ‘मम्मी, सो? हू इज डिसायडिंग, यू ऑर पप्पा?’

इ. म्हणाला, ‘तिला सांग, मम्मी.’
मी म्हटलं, ‘तिला सांगते, पप्पा.’

शेवटी उत्तरच पाठवलं नाही. कड्याचा फोटो पाठवला. तिचं परत आलं: ‘दॅट्स नॉट ॲन आन्सर.’ पोरगी डेस्कवर चालली असती.

सोम. ९ फेब्रु., अल-उला

मदाइन सालेह. मी निघायच्या आधीच दोन तिकिटं काढून ठेवली होती. सकाळी नाश्त्याला इ. म्हणाला, ‘आज पाय दुखतोय गो. तू जाऊन ये. मी बाहेर बसतो.’ दोन दिवस गाडी चालवलेला माणूस, दुखणारच. मी गोळी दिली, त्याने मुकाट घेतली.

एकटी बसमधून फिरले. उभ्या खडकात कोरलेली दारं, दारांवर पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी, आत थडग्यांच्या रिकाम्या खोल्या. वारा सोडून काही हलत नव्हतं. शेजारच्या बाईने बिस्किटांचा पुडा पुढे केला, मी नको म्हटलं. पाण्याची बाटलीही उघडली नाही. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं: अझाब, म्हणजे अल्लाचा कोप, उतरलेली जागा, तिथे खाऊ-पिऊ नये, रेंगाळू नये. तरी बघायचं होतंच. बघितलं. बरं झालं बघितलं.

बाहेर आले तर इ. लांबवर खजुरांच्या बागेकडून येत होता. झपाझप. मला बघितल्यावर सावकाश चालायला लागला.

काही बोलले नाही. नियम.

मंगळ. १० फेब्रु., अल-उला

शरानच्या संरक्षित रानात गेलो. स्वतःची गाडी बाहेर ठेवायची, रेंजर आपल्या जीपमधून फिरवतो. बाभळी, वाळूतले ताजे खूर, मग लांब कड्यावर रानबकऱ्या. आधी मला दिसतच नव्हत्या. इ.ने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं, ‘तिथं, तिथं बघ.’ दिसल्या. चार की पाच. रेंजर म्हणाला, बरीच वर्षं इथे नव्हत्या, आणून सोडल्या, आता रुळल्यात. हे इ.ने मला भाषांतर करून सांगितलं आणि पुन्हा बकऱ्या मोजायला लागला.

परतीच्या वाटेवर मजीदभाईंचा फोन. गाडीच्या स्पीकरवर.

‘काय रे, मदाइन सालेहच्या आत गेला नाहीस ना?’
‘नाय.’
‘बरा केलास. वहिनीला काय सांगितलंस?’

इ.ने घाईने बटण दाबलं. चुकीचं दाबलं. मजीदभाई पुढे बोलतच होते, ‘पाय दुखतो म्हणून सांगितलंस? शाब्बास. माझाच उपाय.’

त्याला आत जायचं नव्हतं, याचा मला राग नाही. मी तिकिटं काढताना विचारलं होतं, चालेल ना? तेव्हाच ‘नको’ म्हणता आलं असतं. त्याऐवजी गोळी खाल्ली. न दुखणाऱ्या पायासाठी.

हॉटेलवर: ‘जेवायला काय मागवू?’
‘तुम्ही म्हणाल तसं,’ मी म्हटलं. बराच गोड आवाज काढला. त्याला कळलं नाही. किंवा कळलं.

बुध. ११ फेब्रु., वादी दीसा

झालं एकदाचं.

क्रमाने लिहिते. दुपारी दीसाच्या घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना कडे, मधे पाण्याची बारीक धार, खजूर, माणसापेक्षा उंच लव्हाळा. कुवेतमधून आलेल्या डोळ्यांना एवढं हिरवं सोसत नाही. पुढे वाट फुटली. डावीकडे पाण्यातून, उजवीकडे वाळूतून.

‘कुठून घेऊ?’
‘तुम्ही म्हणाल तसं.’
‘नाय, तू सांग.’
‘मला काय कळतं त्यातलं?’
‘तरी, तू म्हणशील तसं.’

एवढं होईपर्यंत गाडी चालूच होती. ती डावीकडे गेली नाही, उजवीकडेही गेली नाही. सरळ मधल्या मऊ गाळात गेली आणि पुढची दोन्ही चाकं निम्म्याहून जास्त खाली बसली.

इ.ने इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज ऐकू आला. मग मी ओरडले. काय ओरडले ते शब्दशः आठवत नाही. आठवतं तेवढं:

‘पाय दुखत नव्हता तुमचा!’
‘नव्हता.’
‘मग खोटं का बोललात?’
‘तुझी सहल कशाला खराब करू?’
‘सहल! लग्न झाल्यापासून सहलच चाललीय आपली!’
‘मग काय करायचं होतं मी? महिनाभरासाठी येऊ आणि भांडून जाऊ? परत येताना विमानात जेवण उतरलं असतं घशाखाली?’

आम्ही दोघंही बाहेर उतरलो होतो, गाळात. कडे आवाज परत पाठवतात, हे मला माहीत नव्हतं. माझं ‘सहल’ समोरून परत आलं, मग लांबून पुन्हा एकदा.

‘मला परत जायचंय,’ मी म्हटलं. ‘रत्नागिरीला. इथे मला दुपारी काही काम नाही.’
‘मग बोलली का नाहीस?’
‘तू विचारलंस कधी? तू म्हणशील तसं, हा काय प्रश्न आहे?’
‘मी बोललो असतो तर तू गप्प बसून मान डोलावली असतीस!’

हे खरं आहे. त्याने मी अजून चिडले. ‘सही करायचीय ना तुला? मग सांग ना तसं तोंडाने!’

त्याने गाळातला पाय उपसला. मग म्हणाला, ‘मना भीती वाटते गो.’

‘कसली?’

‘त्या घराची. बांधलं मीच. पण दिव्याची बटणं अजून चाचपडत शोधतो. सकाळी उठून कुठे बसायचं ते ठाऊक नाय. तुमचा दोघींचा चहा झालेला असतो. पंधरा दिवस झाले की सना विचारते, पप्पा, तुम्ही कधी जाणार? चांगल्या मनानेच विचारते. विमानतळावर सोडायला रजा काढायची असते तिला.’

मीही खरं ते सांगून टाकलं, ‘मलाही भीती वाटते. तुम्ही कायमचे आलात तर माझ्या खुर्चीत बसाल.’

‘कुठली खुर्ची?’

‘बघा! माहीतसुद्धा नाही!’

मागे एक पिकअप कधी येऊन थांबली होती, कळलं नाही. पांढऱ्या दाढीचा इथलाच माणूस बॉनेटला टेकून थर्मासमधला चहा पीत होता. आमची नजर गेली तसं त्याने हात वर करून विचारलं, ‘खलास?’

‘खलास,’ इ. म्हणाला.

‘नाही, अजून नाही,’ मी म्हटलं. मराठीत. पण त्याला बरोबर कळलं. त्याने आणखी एक कप ओतला.

मग उरलेलं भांडलो. आता आवाज कमी होता. मी रडले, तो नाही, पण त्याने चष्मा बराच वेळ पुसला. शेवटी मीच त्या माणसाला हात केला. मजीदभाईंचा दोर बांधला, पिकअपने एका झटक्यात ओढून काढलं. जाताना तो इ.ला काहीतरी बोलला.

‘काय म्हणाला?’
‘म्हणाला, डावीकडून जा. पाणी कमी आहे.’

संध्याकाळी खोलीवर इ. म्हणाला, ‘मघाशी मला तू म्हणालीस.’
‘म्हणाले असेन.’
‘दोनतीनदा.’
‘बरं मग?’
‘काय नाय. सांगितलं.’

गुरु. १२ फेब्रु., दीसा ते हाइल

सकाळी उठल्यावर पहिला विचार: आज अबोला असणार. तयारी ठेवली होती. इ. अंघोळ करून आला, पावाचा तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात टाकली आणि म्हणाला, ‘खारट झालीय.’

‘काय?’
‘सुकटीची चटणी. नेहमीच होते तुझी. तुझ्या आईची पण व्हायची.’
‘एवढी वर्षं डबे भरभरून नेलेत ते?’
‘नेले. मजीद खायचा.’

मी एवढी हसले की शेजारच्या खोलीतल्या माणसाने दार उघडून बघितलं. आईवर गेला म्हणून खरं तर चिडायला हवं होतं. ते नंतर चिडले, दुपारी, तबूकच्या रस्त्याला लागल्यावर. तोवर बरं वाटत होतं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं नव्हे, ओझं दोघांनी दोन बाजूंनी धरल्यासारखं.

निघण्याआधी घळीत पुन्हा चालत गेलो. डावीकडून. पाणी घोट्यापर्यंत, बर्फासारखं. इ.ने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. कड्याच्या सावलीत एका दगडावर बसलो, कोणीच काही विचारलं नाही. मला थंडी वाजली तेव्हा मी म्हटलं, चला. त्याला अजून बसायचं होतं. तो म्हणाला, ‘तू हो पुढे, मी येतो.’ आणि खरंच बसून राहिला.

मी गाडीशी थांबले. वाट बघताना राग आला नाही. तो ‘नको’ म्हणू शकतो, ‘हवं’ पण म्हणू शकतो. हे एवढं कळायला बराच प्रवास झाला.

गाडीत मुद्द्यावर आलो. त्याचं म्हणणं: सही करायची, पण तीन वर्षांची नाही, एक वर्षाची मागायची. त्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर रत्नागिरीला यायचं, पाहुणा म्हणून नाही, घरातली कामं अंगावर घेऊन. माझं म्हणणं: वर्ष-बिर्ष काही नाही, आलात की राहायला लागता, शिकवणी कशाला? तो म्हणाला, ‘फोर्कलिफ्ट पण एका दिवसात शिकलो नाय.’

मी म्हटलं, मजीदभाई म्हणतात तुम्हाला तेवढंच येतं. मग तो चिडला. चिडलेला इ. कसा दिसतो ते आता मला माहीत आहे: खालचा ओठ पुढे, कान लाल. सना हुबेहूब तशीच चिडते. एवढी वर्षं मला वाटायचं, पोरगी हे कुठून घेऊन आली?

शुक्र. १३ फेब्रु., हाइल ते फरवानिया

दिवसभर तोच सपाट रस्ता, पण येतानाचा वाटला नाही. भांडत आलो. जुनी भांडणं निघाली, पुढच्या सुट्टीवर ढकललेली. त्याच्या बहिणीच्या लग्नातली साडी. मी त्याला न विचारता विकलेली स्कूटर. सनाच्या कॉलेजची निवड. प्रत्येक भांडण दहा-पंधरा मिनिटं, मग पेट्रोल पंप, मग चहा. बरीचशी खरोखरच शिळी झालेली. दोन-तीनमध्ये अजून दम आहे, ती जपून ठेवलीत.

एसी त्याने स्वतः कमी केला. मी वाढवला. त्याने कमी केला. शेवटी खिडकी उघडली.

सनाला उत्तर पाठवलं: दोघांचं एकमत नाही. तिचा लगेच फोन. ‘व्हॉट हॅपन्ड? आर यू गाइज फायटिंग?’

‘हो,’ इ. म्हणाला.
‘ओ माय गॉड. शुड आय कम?’
‘नको गो. तुझी आई जिंकतेय, पण चाललंय बरं.’

सालमीच्या नाक्यावर गर्दी होती, तरी लवकर सुटलो. कुवेतचे दिवे दिसले तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. हे मी इ.ला सांगितलं नाही. माझ्याच विरोधात वापरेल.

शनि. १४ फेब्रु., फरवानिया

कपडे धुतले. दीसाचा गाळ निघत नाही. मजीदभाई दोर आणि फावडं न्यायला आले आणि जेवायलाच थांबले. इ.ने त्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं, गोळीपासून. मजीदभाई माझ्याकडे बघेनात. ‘वहिनी, माझं चुकलं. मी ह्याला वाचवायला गेलो.’

‘पुढच्या वेळी उपाय सांगताना स्पीकर बंद आहे का ते बघा,’ मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, ठरलं काय? आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

आज रात्रीची स्थिती अशी. इ. उद्या सकाळी शुवैखला जाऊन एका वर्षाचा करार मागणार. याला मी कालपर्यंत नाही म्हणत होते. आज एका अटीवर हो म्हटलंय: ईदनंतर मी रत्नागिरीला जाणार, आणि तो पहिल्या दोन महिन्यांतच यायचा, मधल्या खोलीला रंग काढायला. रंग कुठला ते ठरलेलं नाही. रमजान दोघंही इथे. रोजाआधी पहाटे एकत्र सहेरी करायची ही आमची कितवी वेळ, तेही आठवून बघितलं. आठवली नाही. त्याच्या सुट्ट्या नेहमी ईदला धरून यायच्या.

मंदूबला इ.ने आज फोन केला. त्याला वाटतं, कंपनी एका वर्षाला तयार होईल, नवीन माणूस गोदाम शिकेपर्यंत त्यांना इ. लागणारच. पण खात्री देत नाही. सही वरच्या साहेबाची.

तीनच वर्षं, नाहीतर नाही, असं म्हणाले तर? मी म्हणते, तिथल्या तिथे नाही सांगून यायचं. इ. म्हणतो, आधी पूर्ण ऐकून घ्यायचं, घरी येऊन बोलायचं. मी म्हटलं, घरी येऊन भांडायचं असं म्हण. तो म्हणाला, तेच.

सकाळी चहाला हा विषय पुन्हा निघणार.